आजाऱ्याला आधी विचारा

वर्षावास सुरू आहे आणि विहाराविहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात मागच्या आठवड्यात आजारी भिक्खूची हकिगत आली. आपल्यापैकी बहुतेकांना ती माहीत आहे. पोटाच्या विकाराने तो भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदाबरोबर तिथे आले. त्यांनी पाणी आणवले, त्याला धुऊन काढले, आणि दोघांनी उचलून त्याला अंथरुणावर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की आजाऱ्याची सेवा ही बुद्धाचीच सेवा समजा.

वाचन संपल्यावर सगळे सेवेबद्दल बोलले. माझे लक्ष मात्र त्याच्या आधी अडकले होते. विनयपिटकात ही हकिगत जशी येते, तिथे तथागतांनी त्या भिक्खूला हात लावण्याआधी विचारले आहे. तुला काय होते आहे, तुझ्या शुश्रूषेला कुणी आहे का, आणि नसेल तर का नाही. भिक्खूने सांगितले की आपण आता कुणाच्या उपयोगाचे राहिलो नाही, म्हणून कुणी येत नाही. तथागतांनी ते ऐकून घेतले, आणि त्यानंतर पाणी आणवले.

मी चौदा वर्षे सिस्टर म्हणून नोकरी केली. माणसे उचलली, धुतली, हजारो सुया टोचल्या. पण आजाऱ्याला विचारायचे आणि त्याचे उत्तर खरे मानायचे, हे मी फार उशिरा शिकले. त्याची किंमत एका ताईने मोजली. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर लिहिता येणार नाही.

कानात शिट्टी वाजते

दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका सरकारी दवाखान्यात टीबीच्या विभागात होते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, ज्याला एमडीआर टीबी म्हणतात, त्याच्या रुग्णांना तेव्हा सहा-सहा महिने कॅनामायसिनची सुई घ्यावी लागे. ही ताई रोज सकाळी रांगेत असायची. वय तिशीच्या आसपास, चार घरची धुणीभांडी, पदरात लहान मुलगी. सुई घेऊन ती थेट कामावर जायची.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी ती म्हणाली, ‘सिस्टर, कानात शिट्टी वाजते. रात्री जास्त.’ मी सुई भरत होते. तिच्या मागे वीस-पंचवीस माणसे उभी होती. मी मान वर न करता म्हणाले, ‘अशक्तपणानं होतं असं. जेवण नीट करा. सुई मात्र चुकवायची नाही.’ आठ दिवसांनी तिने पुन्हा तेच सांगितले. मी पुन्हा तेच उत्तर दिले. त्यानंतर तिने काही सांगितले नाही.

सुया पूर्ण झाल्या, पुढच्या गोळ्या पूर्ण झाल्या, थुंकीची तपासणी चांगली आली. आमच्या रजिस्टरात ती बरी झाली. नोकरी सोडून मी वस्त्यांत काम करू लागले, तेव्हा एका घरी तिची गाठ पडली. मी ‘जय भीम, ताई’ म्हणाले. तिची मुलगी मध्ये आली आणि हातवारे करून तिला सांगू लागली. दोन्ही कान गेले होते. कामे सुटली होती, कारण दारावरची बेल ऐकू येत नाही अशा बाईला कोण ठेवणार? तिने मला ओळखले. तिच्या आवाजात राग नव्हता. ती एवढेच म्हणाली, ‘सिस्टर, मी सांगितलं होतं.’

कॅनामायसिनने कान जाऊ शकतात हे मला माहीत नव्हते असे नाही. पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. कानात आवाज येणे ही त्याची पहिली खूण असते. त्या वेळी कानाची तपासणी करून डॉक्टरांनी औषध बदलले असते, तर तिचे ऐकू येणे वाचण्याची शक्यता होती. या औषधाने एकदा गेलेले ऐकू येणे परत येत नाही. निदान माझ्या समोर उभे होते आणि ते रुग्णानेच करून आणले होते. मला फक्त तिचे बोलणे केसपेपरवर लिहून डॉक्टरांपुढे ठेवायचे होते.

आजकाल सरकारी बैठकांत आणि परिषदांत ‘रुग्णांचा सहभाग’ हा शब्द फार ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटना १७ सप्टेंबरला रुग्णसुरक्षा दिन पाळते, २०२३ साली त्याचा विषयच हा होता. मोठ्या शब्दांची भीती वाटू देऊ नका. त्या ताईने ‘शिट्टी वाजते’ म्हणून सांगणे हा सहभाग होता. तो मी तोडला.

आपण गप्प का बसतो

मी एकटीच वाईट सिस्टर होते असे म्हणून हा विषय संपत नाही. त्या ताईने तिसऱ्यांदा सांगितले नाही, हेही समजून घ्यायला हवे. आपल्या वस्तीतली माणसे नळावर भांडतात, रेशनच्या दुकानात जाब विचारतात, मोर्चात घोषणा देतात. दवाखान्याच्या पायरीवर मात्र त्यांचा आवाज जातो. साहेब म्हणतील ते खरे.

याला कारणे आहेत. केसपेपर काढताना आडनाव विचारले जाते, मग पत्ता विचारला जातो, आणि वस्तीचे नाव ऐकून खिडकीपलीकडचा सूर बदलतो. ‘तुम्ही लोक’ असे सुरू होणारे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. तुम्ही लोक उशिरा येता, तुम्ही लोक स्वच्छ राहत नाही, तुम्ही लोक औषध अर्धवट सोडता. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अंगणात उभे करून वरून बोलले गेले, त्यांच्या मुलांना खुर्चीतल्या माणसाला उलट प्रश्न विचारताना जीभ जड होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण ही सवय आता आपल्या जिवावर उठते आहे.

आरोग्य खात्याची भाषाही तशीच होती. टीबीचे औषध मधेच थांबवणाऱ्या रुग्णाला आम्ही रजिस्टरात ‘डिफॉल्टर’ लिहायचो, म्हणजे कर्ज बुडवणाऱ्याला बँक जो शब्द वापरते तोच. गोळ्या रिकाम्या पोटी पचत नव्हत्या का, मजुरी बुडत होती का, उलट्या होत होत्या का, याला रजिस्टरात रकाना नव्हता. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द बदलून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाचा शब्द घेतला. शब्द बदलल्याने लगेच माणसे बदलत नाहीत, पण दोष कुणाच्या माथी जातो ते बदलते. रुग्ण सुटला असेल, तर पाठपुरावा कुणी करायचा होता, असा प्रश्न निघतो.

विनयातली शिकवण

आजारी भिक्खूच्या हकिगतीला लागूनच विनयपिटकाच्या महावग्गात एक भाग येतो, तो आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. त्यात कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा सोपी होते आणि कोणत्याची अवघड, याची पाच-पाच लक्षणे दिली आहेत. जो अपथ्य टाळतो, पथ्यातही प्रमाण ओळखतो, औषध घेतो, दुखणे सहन करण्याचा प्रयत्न करतो, त्याची शुश्रूषा सोपी. आणि यात आणखी एक लक्षण आहे. आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे जो आपल्या हितचिंतक शुश्रूषकाला जसेच्या तसे सांगतो, त्याची शुश्रूषा सोपी.

शुश्रूषा करणाऱ्यासाठीही पाच गुण तिथे सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना किळस करू नये, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याला धीर द्यावा.

म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने आजाऱ्याला कामाला लावले आहे. तो नुसता अंथरुणावरचा देह नाही. त्याच्याकडे एक माहिती आहे जी दुसऱ्या कुणाकडेच नाही, आणि ती सांगणे हे त्याचे काम आहे. ऐकणे हे शुश्रूषकाचे काम आहे. दोघांपैकी एकाने जरी आपले काम सोडले तरी उपचार लंगडा होतो. माझ्या त्या ताईने तिचे काम चोख केले होते.

बाबासाहेबांनी आरोग्याकडे दान म्हणून पाहिले नाही, हेही इथे सांगायला हवे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले, १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. या कायद्याने उभ्या राहिलेल्या महामंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसतात. ज्याच्या पगारातून पैसे कापले जातात आणि ज्याच्या अंगावर उपचार होतात, त्याला निर्णयाच्या टेबलाशी खुर्ची हवी, हा त्यामागचा विचार आहे.

कागदावर आपल्या बाजूने बरेच आहे

संविधानाच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क हा आरोग्याच्या हक्काशी जोडलेला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. पण रोजच्या उपयोगाच्या आणखी काही गोष्टी आहेत, त्या घरात माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट संमतीची. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की एका तपासणीसाठी घेतलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही. त्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या भूल दिलेल्या अवस्थेत असताना आईची सही घेऊन त्यांची गर्भपिशवी काढली गेली. शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने, जिवाला तातडीचा धोका नसताना, दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. हे आपल्याला का कळायला हवे? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. तेव्हा झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, म्हणून गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून टेबलावर घेतले जात असेल, तर त्या कागदावरच्या अंगठ्याला संमती म्हणायचे का?

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. डॉक्टरांच्या व्यवसायासाठी २००२ साली झालेल्या नियमांनुसार, रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याच्या उपचारांची कागदपत्रे द्यायची असतात. फाईल ही दवाखान्याची मेहरबानी नाही.

तिसरी गोष्ट खाजगी दवाखान्यांची. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम २०२१ पासून लागू आहेत. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. पुढच्या वेळी कुठल्याही नर्सिंग होममध्ये गेलात तर आधी भिंतीकडे बघा. सनद नसेल तर विचारा.

आणि चौथी गोष्ट आपल्या वस्तीची. शहरी वस्त्यांत ५० ते १०० घरांमागे एक ‘महिला आरोग्य समिती’ असायला हवी. वस्तीतल्याच दहा-बारा बाया तिच्या सदस्य, आणि आशाताई सचिव. समितीला वर्षाला ५ हजार रुपयांचा निधी असतो. मी वस्त्यांत विचारते, ‘तुमच्या समितीची अध्यक्ष कोण?’ बऱ्याच ठिकाणी बाया एकमेकींकडे बघतात. एकदा तर मी विचारलेल्या ताईच स्वतः कागदोपत्री सदस्य निघाल्या, आणि त्यांना ते माहीत नव्हते.

‘आधी औषधं तर मिळू द्या’

यावर कार्यकर्ते मला म्हणतात, ‘ताई, दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध नाही, खाट नाही. आणि तुम्ही बोलण्याचं, ऐकण्याचं काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप खरा आहे. मी वॉर्डात एकटीने पन्नास-पन्नास रुग्ण सांभाळले आहेत. एका सिस्टरच्या वाट्याला एवढी माणसे आल्यावर तिने प्रत्येकाशी बसून बोलावे हे म्हणणे तिच्यावर अन्याय आहे. रिकाम्या जागा भरा, कंत्राटी बायांना कायम करा, या मागण्या सोडून ‘रुग्णांनी सहभाग घ्यावा’ असे कुणी सांगत असेल तर तो आपली जबाबदारी आपल्याच डोक्यावर टाकतो आहे असे समजा.

पण औषध, खाट आणि डॉक्टर हे आपोआप आलेले मी तरी पाहिले नाही. २००७ पासून महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या लोकांनी आपल्या उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला स्वतः गुण दिले, आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून विचारले की नर्सताई का येत नाही, औषध बाहेरून का आणायला सांगता, पैसे कसले मागता. सगळ्यांसमोर उत्तर द्यायची वेळ आली की फाईल हलते.

टीबीचेच उदाहरण घ्या. नंदिता व्यंकटेशन ही मुंबई परिसरातली पत्रकार. टीबीच्या सुयांनी तिचेही कान गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले हिचेही तसेच झाले. या दोघींनी २०१९ साली भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत दाखल केली. एमडीआर टीबीवरच्या बेडाक्विलिन या गोळीवरची मक्तेदारी बहुराष्ट्रीय कंपनीला आणखी काही वर्षे लांबवायची होती. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा तो अर्ज फेटाळला गेला, आणि त्याच वर्षी जुलैत मूळ पेटंट संपल्यावर आपल्याकडच्या कंपन्यांना ती गोळी बनवायची वाट मोकळी झाली. ऐकू न येणाऱ्या दोन पोरींनी हे केले. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही कॅनामायसिन वापरू नये असे सांगितले होते. आज एमडीआर टीबीच्या बहुतेक रुग्णांना त्या सुया घ्याव्या लागत नाहीत. माझ्या ताईला हे उशिरा मिळाले.

आपल्या घरातला दवाखाना

दवाखान्याला नावे ठेवताना आपल्या घराकडेही बघू. सून आजारी पडली की तिला काय होते हे सासू सांगते, नवरा सांगतो. ती मागे उभी असते. ‘तिला काय कळतंय’ असे म्हणणारे घर आणि ‘तुम्हा लोकांना काय कळतंय’ असे म्हणणारा दवाखाना यांत फरक कुठे राहिला? म्हातारे आई-वडील असले की आजार त्यांच्यापासून लपवला जातो आणि निर्णय मुलगे परस्पर घेतात. मुलीला टीबी झाला तर लग्न मोडेल म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यात ठेवल्या जातात. दारूचे, जडीबुटीचे, अंगारे-धुपाऱ्याचे डॉक्टरांपासून लपवले जाते, आणि मग गोळी का लागली नाही म्हणून आपण डॉक्टरांना दोष देतो. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा कुठून आला, हा वेगळा विषय. पण घेतला असेल तर निदान डॉक्टरांना खरे सांगा.

सलाईन लावल्याशिवाय उपचार झाला असे आपल्याला वाटत नाही. सलाईन न लावता दहा मिनिटे बोलणाऱ्या डॉक्टरपेक्षा बोलल्याविना बाटली लावणारा आपल्याला हुशार वाटतो. ही आपली मागणी बदलली तर दुकानेही बदलतील.

आणखी एक. वॉर्डात शिरून सिस्टरला शिव्या देणे, डॉक्टरच्या अंगावर जाणे याला मी हक्काची लढाई म्हणणार नाही. त्यातली बरीच माणसे, मावशी, मामा, सफाईवाल्या, सिस्टर, आपल्याच वस्त्यांतून आलेली आहेत. प्रश्न विचारायचा तो लेखी, नावानिशी, शांतपणे आणि पुन्हा पुन्हा.

विहारापासून सुरुवात

यासाठी मोठी संस्था लागत नाही. आमच्या विहारात आम्ही या वर्षावासात जे सुरू केले ते सांगते.

प्रत्येक घरात एक वही. आजाऱ्याचे नाव, कोणती गोळी, कधीपासून, आणि रोज एक ओळ: आज काय वाटले. वाढले, कमी झाले की तसेच आहे. विनयातले ते लक्षण म्हणजेच ही वही. लिहिता येत नसेल तर शाळेतली मुले लिहितात. टीबीच्या रुग्णाने वजनही लिहायचे, कारण गोळ्यांची संख्या वजनावर ठरते.

दवाखान्यात एकट्याने जायचे नाही. वस्तीतली एक सोबतीण बरोबर. तिने डॉक्टरांशी भांडायचे नाही. रुग्णाला बोलू द्यायचे, आणि तो विसरला तर आठवण करून द्यायची.

उठण्याआधी पाच प्रश्न. मला काय झाले आहे? ही तपासणी कशासाठी? ही गोळी कशी आणि किती दिवस? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? दुसरा काही उपाय आहे का, आणि काहीच न केल्यास काय होईल? आणि शेवटी आपण म्हणायचे, ‘मला काय समजलं ते सांगते, बरोबर आहे का बघा.’ यात जेवढ्या चुका पकडल्या जातात तेवढ्या दुसऱ्या कशात नाहीत.

टीबीच्या घरांनी हे पाठ करा. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लालसर-नारिंगी होते, ती एका औषधाच्या रंगाने. घाबरून गोळ्या थांबवू नका. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या, नजर अंधूक झाली, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, कानात आवाज येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत आणि त्रास मनात ठेवायचा नाही. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. खात्यात आली नसेल तर तेही विचारा.

महिन्यातून एकदा, रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास, वस्तीची बैठक. महिला आरोग्य समितीच्या सदस्यांची नावे विहाराच्या फळ्यावर. दवाखान्यातल्या अडचणी एका कागदावर, खाली सह्या, आणि तो कागद नागरी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना द्यायचा. पोच घ्यायची. पुढच्या महिन्यात उत्तराबद्दल विचारायचे. चांगले काम करणाऱ्या सिस्टरचे नावही त्याच कागदावर लिहायचे. आमच्या पहिल्या कागदावर मागणी एकच होती, ओपीडीच्या रांगेतल्या बायांना बसायला बाकडे. सहा आठवड्यांनी दोन बाकडी आली. लहान गोष्ट आहे. पण त्या बाकड्यांवर बसणाऱ्या बाया आता आत गेल्यावर जरा मोठ्याने बोलतात.

आमच्या बैठकीला ती ताईही येते. तिला ऐकू येत नाही, म्हणून तिची मुलगी पाटीवर लिहून दाखवते. नव्याने टीबीचे औषध सुरू झालेल्या घरी ती स्वतः जाते आणि मोठ्या, सपाट आवाजात विचारते, ‘कानात काही वाजतं का? पायाला मुंग्या येतात का? खरं सांग.’ मग समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसते, उत्तर मिळेपर्यंत. नर्सिंगच्या डिप्लोमाने मला जे शिकवायला हवे होते ते मी तिच्याकडे बघून शिकते आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.